मुद्राराक्षसातील गूढपुरुष

विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसावर आजवर जे टीकालेखन झाले आहे, त्यात चाणक्य व राक्षस या दोन अमात्यांच्या बुद्धिसामर्थ्याची तुलना हा विषय इतका रूढ होऊन बसला आहे की, नाटकाचे कथानक प्रत्यक्ष ज्यांच्या हातून घडते त्या हेरांना बुद्धिबळातील प्याद्यांपलीकडे स्थान मिळालेले नाही. यास एक ऐतिहासिक कारण आहे. काशिनाथ त्रिंबक तेलंगांची मुद्राराक्षसाची आवृत्ती १८८४ मध्ये निघाली. शामशास्त्रींनी संपादिलेले कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या पंचवीस वर्षांत ज्यांनी या नाटकाचा अभ्यास केला, त्यांच्यापुढे हेरव्यवस्थेचा मूळ ग्रंथच नव्हता. साहजिकच यमपट दाखवीत फिरणारा निपुणक किंवा क्षपणकाच्या वेषातील ब्राह्मण यांच्याकडे त्यांनी कविकल्पना म्हणून पाहिले. पुढे मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात रा. प. कंगले यांची अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर व अभ्यास असे तीन भाग प्रसिद्ध केले. तेव्हापासून नाटक व शास्त्र शेजारी ठेवून वाचण्यास कोणतीच अडचण उरलेली नाही. तसे वाचू लागल्यावर मात्र एक निराळाच प्रश्न पुढे येतो. गुन्हेगारांच्या टोळीत शिरून त्यांचा विश्वास संपादन करणारा राजपुरुष त्या विश्वासाचे काय करतो, आणि तो विश्वास त्याचे काय करतो?

अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणातील पाचवा अध्याय या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. सिद्धपुरुषाचे सोंग घेतलेले हेर चोरीकडे व परस्त्रीकडे ओढ असलेल्या तरुणांत मिसळतात. दार उघडणारा, पहारेकऱ्यास झोप आणणारा, अदृश्य करणारा असे मंत्र आपणांस अवगत आहेत, अशी ते बतावणी करतात. रात्री एका गावी जाण्यास म्हणून निघावयाचे आणि तरुणांस दुसऱ्याच गावी न्यावयाचे. तेथील स्त्रीपुरुष आधीच पढवून ठेवलेले असतात. मंत्र म्हणताच दारे उघडतात, जागे असलेले पहारेकरी डोळ्यांदेखत जाणाऱ्यांना ‘पाहत’ नाहीत, निजलेल्यांना खाटांसकट हलविले तरी ते जागे होत नाहीत. तरुणांचा विश्वास बसला की त्यांच्याकडून खुणा करून ठेवलेल्या मालाची चोरी करवावयाची आणि त्यांना पकडावयाचे, किंवा तो माल विकताना व गहाण ठेवताना धरावयाचे. नंतर त्यांची पूर्वीची कृत्ये व त्यांचे साथीदार यांची चौकशी होते. जुन्या चोराच्या वेषातील हेरांनीही चोरांत मिसळून हेच करावयाचे आहे. शेवटी समाहर्त्याने त्या पकडलेल्यांना नगरजनांपुढे उभे करून, हा राजाच्या चोरग्रहणविद्येचा प्रभाव होय, असे जाहीर करावयाचे. म्हणजे चोरांना खोट्या मंत्राने फसविले, आणि नागरिकांनाही तसल्याच खोट्या विद्येचा धाक घातला. कौटिल्याच्या ग्रंथातील कोरडा विनोद टीकाकारांच्या दृष्टीस क्वचितच पडला आहे; त्याचा हा उत्तम नमुना म्हणता येईल.

आता नाटकाकडे वळावे. नंदांचा पाडाव झाल्यानंतर कुसुमपुरात राहिलेला राक्षसाचा पक्ष हा राज्याच्या दृष्टीने मारेकऱ्यांचा एक गुप्त संघच होता, ही गोष्ट राक्षसाच्या स्वामिभक्तीचे गोडवे गाताना विसरली जाते. कमान पाडण्यास सज्ज असलेला सुतार दारुवर्मा, माहूत बर्बरक, विषाचा प्याला घेऊन आलेला वैद्य अभयदत्त, शयनगृहातील प्रमोदक, भिंतीतील भुयारात दबा धरलेले बीभत्सक व त्याचे सोबती, एवढे लोक चंद्रगुप्ताच्या जिवावर टपले होते. दुसऱ्या अंकात विराधगुप्त त्यांच्या नाशाची हकीकत सांगतो. भुयारातील माणसांचा पत्ता लागतो तो भिंतीच्या फटीतून अन्नाचे कण घेऊन बाहेर येणाऱ्या मुंग्यांमुळे. तेव्हा चाणक्याच्या हेरगिरीला विनाकारण केलेले कपट म्हणता येत नाही. प्रश्न कपटाचा नसून त्याच्या मर्यादेचा आहे.

अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात असा दंडक आहे की, हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये. तिघांच्या बातम्या जुळल्या तरच त्यांवर विश्वास ठेवावा. विशाखदत्ताने हा दंडक नाट्यरूप केला आहे. पहिल्या अंकात निपुणक मोठ्या उत्साहाने राक्षसाच्या पक्षाची तीन माणसे सांगतो, आणि त्यांतले पहिले नाव, क्षपणक जीवसिद्धी, चाणक्याच्याच हेराचे निघते. चाणक्य हे मनाशी म्हणतो. निपुणकाला कळू देत नाही. हा जीवसिद्धी म्हणजे चाणक्याचा सहाध्यायी इंदुशर्मा, दंडनीती व ज्योतिष यांत निष्णात असलेला ब्राह्मण. परंतु रंगभूमीवर त्याच्या तोंडी येते ती प्राकृतच. पाचव्या अंकाच्या आरंभी त्याची सिद्धार्थकाशी गाठ पडते. दोघेही एकाच धन्याचे चाकर. तरीही मुद्रांकित परवान्याविषयी ते जे बोलतात, त्यात ओळखीची खूण कोठेही नाही. प्रेक्षकाला मौज वाटावी असा हा प्रसंग आहे, पण त्यात एक गारवाही आहे. पुढे जीवसिद्धीचे खरे रूप कळल्यावर राक्षस म्हणतो ते एवढेच की, शत्रूंनी आपले हृदयसुद्धा हस्तगत केले. राज्य, सैन्य, मित्र यांची हानी त्याने सोसली होती. हे त्या सर्वांहून निराळे होते.

परंतु नाटकाचा मर्मबिंदू आहे तो सिद्धार्थक. शकटदासाशी मैत्री जोडून त्याच्याच हस्ताक्षरात तो नाव नसलेले पत्र लिहवून घेतो. मग त्याच शकटदासाला वधस्थानावरून ‘सोडवून’ राक्षसाकडे घेऊन जातो. मित्राचे प्राण वाचविणाऱ्यावर राक्षसाने अविश्वास कसा दाखवावा? कृतज्ञतेच्या भरात तो अंगावरची आभूषणे उतरवून त्याला देतो. आपण येथे नवखे असल्याचे सांगून सिद्धार्थक तीच आभूषणे मुद्रेने बंद करून राक्षसापाशी ठेवतो. पाचव्या अंकात हीच पेटी त्याच्या काखेतून पडते आणि राक्षसाविरुद्ध पुरावा होते. राक्षस खरे तेच सांगतो, की ही आपण बक्षीस दिली होती. पण कुमाराने स्वतःच्या अंगावरून पाठविलेले अलंकार कोणी अशा माणसाला बक्षीस देईल काय, या प्रश्नापुढे ते सत्य लटके पडते. एवढ्यावर भागत नाही. पत्राचे अक्षर शकटदासाचे ठरते, आणि बायकामुलांच्या ओढीने तो फितूर झाला असावा, असे खुद्द राक्षसालाच वाटू लागते. खोटा मित्र प्राणदाता ठरला आणि खरा मित्र विश्वासघातकी. हेराने केलेल्या हानीचे इतके अचूक चित्रण संस्कृत नाट्यवाङ्मयात दुसरे नसावे.

चाणक्याने रक्तपाताविना विजय मिळविला, हे विधान पाठ्यपुस्तकांतून वारंवार आढळते. ते बरोबर नाही. त्या बनावट पत्रावरून मलयकेतूने कुलूत, मलय, काश्मीर, सिंधू व पारसीक येथील पाच राजे मारविले. तिघांना खड्ड्यात गाडले, दोघांना हत्तीच्या पायी दिले. फितुरीचा आरोप त्यांच्यावर होता आणि ती फितुरी त्यांनी केलेलीच नव्हती. अर्थशास्त्रातील तरुण निदान चोरीकडे वळलेले तरी होते. हेराने त्यांना संधी दिली. येथे हेराने गुन्हाच रचला. दोहोंतील हा भेद अर्वाचीन न्यायशास्त्रासही पडताळावा लागला आहे. १९३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या सॉरेल्स खटल्यात दारूबंदी खात्याच्या माणसाने प्रवाशाची बतावणी केली होती. महायुद्धातील एकाच डिव्हिजनचे जुने सैनिक म्हणून त्याने आरोपीशी गोष्टी केल्या आणि पुन्हापुन्हा विनवून त्याच्याकडून मद्य मिळविले. गुन्ह्याची कल्पना सरकारी माणसाच्याच डोक्यातून निघाली असेल तर आरोपीस तो बचाव मांडता येतो, असे न्यायालयाने ठरविले. त्या खटल्यातही साधन म्हणून वापरली गेली ती मैत्रीच.

युरोपीय कादंबरीने हा विषय विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतला. कॉनरॅडच्या ‘द सीक्रेट एजंट’ (१९०७) मधील व्हर्लॉक अराजकवाद्यांत राहून एका वकिलातीचा पगार खातो, आणि वकिलातीच्या हुकुमावरून ग्रीनिच वेधशाळेवर जो स्फोट घडवावयाचा, त्यात त्याचा भोळा मेहुणा मरतो. या कादंबरीमागे १८९४ मध्ये ग्रीनिच येथे झालेल्या स्फोटाची घटना आहे. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, बुर्त्सेवने आझेफचे बिंग फोडले. रशियन पोलिसांचा पगारी हेर असलेला हा मनुष्य समाजवादी-क्रांतिकारक पक्षाच्या मारेकरी शाखेचा प्रमुख होता, आणि १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हे यांचा वध त्याच शाखेने केला होता. कॉनरॅडला व्हर्लॉकच्या घरात शिरावेसे वाटले, तसे विशाखदत्ताला सिद्धार्थकाच्या मनात शिरावेसे वाटले नाही, असा आक्षेप यावर येऊ शकेल. तो अर्धाच खरा आहे.

सहाव्या अंकातील प्रवेशक याला उत्तर देतो. कामगिरी फत्ते करून परतलेल्या सिद्धार्थकावर आता चांडाळाच्या वेषात चंदनदासाला वधस्थानी नेण्याचे काम येते. या क्रूर कामासाठी चाणक्याला दुसरे कोणी मिळाले नाही काय, असे त्याचा मित्र समिद्धार्थक विचारतो. सिद्धार्थकाचे उत्तर असे की, ज्याला जगण्याची इच्छा आहे त्याने आर्य चाणक्यांची आज्ञा मोडावी तरी कशी? हे एकच वाक्य; त्यावर भाष्य नाही, स्वगत नाही. पण ज्या शास्त्रात उभयवेतन हेराची बायकामुले ताब्यात ठेवण्यास सांगितले आहे, आणि ज्याच्या बातम्या वारंवार जुळत नाहीत त्याला गुपचूप नाहीसे करण्याची सोय आहे, त्या शास्त्राच्या वाचकाला या वाक्यातील भय अलंकारिक वाटणार नाही. त्याच अंकात जीर्णोद्यानात गळफास घेण्याचे सोंग करणारा हेर राक्षसाला सांगतो की, शकटदासाला निसटू दिल्याबद्दल वधस्थानावरील अधिकाऱ्यांना चाणक्याने ठार केले. हे खरे की राक्षसाने शस्त्र टाकावे म्हणून रचलेले, याचा उलगडा कवी करीत नाही. राक्षस मात्र त्याच गोष्टीच्या आधारे पुन्हा गोंधळात पडतो. शकटदास शत्रूच्या संमतीने सुटला असेल, तर त्या माणसांना का मारले?

सातव्या अंकात सगळे जाळे उलगडते. पत्र, अलंकार, क्षपणक, उद्यानातील तो दुःखी मनुष्य, चंदनदासाचे हाल, ही सारी आपली योजना होती, असे चाणक्य सांगतो. चांडाळवेषातील सिद्धार्थकाची ओळख करून देतो. आणि शकटदासाने ते पत्र नकळत लिहिल्याचेही उघड करतो. अमात्यपद समोर उभे असता राक्षसाला तेथे समाधान वाटते ते शकटदासाविषयीचा संशय फिटल्याचे. चंदनदासाला श्रेष्ठिपद मिळते, मलयकेतूला त्याचे वडिलोपार्जित राज्य. सिद्धार्थकाला काय मिळाले हे नाटकात नाही. शकटदास त्या अंकात रंगभूमीवर येत नाही. आपल्याला सुळावरून सोडविणारा मित्र कोण होता, हे त्याला कोणी सांगितले किंवा नाही, हेही विशाखदत्ताने लिहिलेले नाही.