रिकाम्या वनाचे नेपथ्य : ‘रामायण’ मालिकेतील स्टुडिओनिर्मित अरण्याचा विचार

प्रस्तावना

रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवरून दर रविवारी सकाळी प्रसारित झाली. तिचे ७८ भाग होते. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीच्या दिवसांत तिचे पुनःप्रसारण झाले आणि एका नव्या पिढीने ती पाहिली. या मालिकेची चर्चा मुख्यतः श्रद्धा, राजकारण आणि प्रेक्षकसंख्या या अंगांनी झालेली आहे. तिच्यातील स्थळ कसे घडले, विशेषतः चौदा वर्षांच्या वनवासातील ‘वन’ कोठे व कशा प्रकारे उभे राहिले, हा प्रश्न मात्र मागे पडला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सातपुड्याच्या पायथ्याशी अध्यापन करणाऱ्यांच्या दृष्टीने केला आहे.

स्टुडिओचे आवार : तंत्र आणि परिणाम

स्टुडिओच्या छताखालील भागापलीकडे मोकळ्या जागेत रस्ते, वाडे, देवळे, कुटी यांचे नेपथ्य उभारून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. अशा आवाराचा मोठा गुण म्हणजे पुनर्वापर. अमेरिकेत कल्व्हर सिटी येथील ‘फोर्टी एकर्स’ नावाच्या आवारात ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) या चित्रपटासाठी अटलांटा शहर उभारण्यात आले. त्याच आवारात १९६० नंतर ‘द अँडी ग्रिफिथ शो’ या दूरचित्रवाणी मालिकेतील मेबेरी हे खेडे वसले आणि ‘स्टार ट्रेक’च्या काही भागांचे चित्रणही तेथेच झाले. १९७६ मध्ये ते आवार पाडण्यात आले. मेबेरी मात्र प्रेक्षकांच्या स्मरणात खऱ्या गावासारखे टिकून राहिले. आवारात एक जागा अनेक स्थळे होऊ शकते. याची दुसरी बाजू अशी की कोणत्याही स्थळाचे स्वतःचे हवामान, श्रम व इतिहास तेथे उरत नाहीत.

मालिकेला दर आठवड्याला नवा भाग द्यावा लागतो. ऋतूची वाट पाहणे किंवा दूरच्या डोंगरात पात्रे व यंत्रसामग्री नेणे तिला परवडत नाही. त्यामुळे आवाराची निवड ही आधी सोय असते आणि नंतर शैली बनते. ‘मालगुडी डेज’साठी शंकर नाग यांनी आगुंबे हे खरे गाव निवडले, तेथील घरे व पाऊस हे त्या मालिकेच्या कथनाचाच भाग झाले. पौराणिक मालिकांनी बहुधा दुसरा मार्ग पत्करला.

उंबरगाव : सीमेवरील अरण्य

‘रामायण’चे चित्रण मुख्यतः उंबरगाव येथील वृंदावन स्टुडिओत झाले. उंबरगाव आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे. १९६० च्या पुनर्रचनेत तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याची गावे गुजरातला जोडली गेली. त्याच कायद्याने पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदा या तालुक्यांतील काही गावेही गुजरातमध्ये गेली. उंबरगाव आणि तळोदा या भूभागांचा सीमेचा इतिहास असा समान आहे. दोन्ही भूभाग आदिवासींचे आहेत, हे दुसरे साम्य अधिक महत्त्वाचे होय.

मराठी वाचकाला उंबरगाव तालुक्याची ओळख स्टुडिओपूर्वीच झालेली आहे. मे १९४५ मध्ये तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणी व जंगलतोडीच्या मजुरीसाठी वारल्यांनी दिलेल्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात सांगितली आहे. त्या ग्रंथातील जंगल हे कामाचे ठिकाण आहे. तेथे कुऱ्हाड, विळा, ठेकेदार आणि भूक आहे. अशा भूमीत सुमारे चार दशकांनंतर एक अरण्य उभारले गेले आणि त्यात जंगलावर जगणारा माणूस जवळजवळ दिसत नाही. हा योगायोग असला तरी अर्थशून्य नाही.

मालिकेतील वन म्हणजे पर्णकुटी, तिच्यापुढील स्वच्छ अंगण, भोवती वृक्ष आणि वेली. तेथे ऋषी, राक्षस आणि वानर वावरतात. सरपण गोळा करणारी, पाने खुडणारी, गुरे चारणारी माणसे मात्र क्वचितच. येथे एक अपवाद न्यायाने नोंदवला पाहिजे. केवटाच्या हाती नाव आहे. त्याचा व्यवसायच त्या प्रसंगाचा गाभा आहे. परंतु नदी ओलांडून कथा वनात शिरते तेव्हा श्रम मागे राहतो आणि उरते ती मुख्यतः तपस्या किंवा युद्ध.

शबरीचा प्रसंग

ही उणीव शबरीच्या प्रसंगात विशेष जाणवते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शबरी ही मतंगाश्रमातील तपस्विनी आहे. रामासाठी तिने पंपेच्या तीरावरील नाना प्रकारचे वन्य पदार्थ साठवून ठेवले आहेत. शिवाय ती रामाला मतंगवन हिंडून दाखवते. म्हणजे त्या प्रसंगी वनाची जाणकार ती आहे आणि राम पाहुणा आहे. चाखून दिलेली बोरे ही उत्तरकालीन भक्तिपरंपरेची देणगी. मालिकेने हीच परंपरा स्वीकारली. झोपडी, फुलांची वाट, बोरे आणि भक्तीने ओथंबलेला चेहरा यांवर तिचा भर आहे. दूरचित्रवाणीच्या लहान पडद्याला चेहरा पेलतो, विस्तार पेलत नाही, हे तांत्रिक कारण यामागे आहेच. तथापि परिणाम असा होतो की बोरे दिसतात, बोरीचे झाड दिसत नाही. देणारीची भक्ती दिसते, तिचे वनाविषयीचे ज्ञान दिसत नाही.

शबरी हे नाव आपल्या परिसरात केवळ पौराणिक नाही. आदिवासी विकासासाठी स्थापन झालेल्या राज्याच्या महामंडळाला आणि घरकुल योजनेला हेच नाव आहे. अशा वेळी शबरी कोणत्या रूपात स्मरणात राहते, कृतार्थ याचक म्हणून की अरण्याची जाणकार म्हणून, हा प्रश्न केवळ कलासमीक्षेपुरता राहत नाही.

एक आक्षेप

पौराणिक नाट्यात नेपथ्य सांकेतिकच असते, मग वास्तवाची अपेक्षा का धरावी, असा आक्षेप घेता येईल. तो निम्मा खरा आहे. आपल्या भागातील सोंगाड्या पार्टीला अरण्य दाखवण्यासाठी एकही झाड लागत नाही. डुंगरी भिलांमध्ये गायिली जाणारी आणि भगवानदास पटेल यांनी संकलित केलेली रामसीतेची कथाही नेपथ्याविना उभी राहते. परंतु तेथे संकेत पूर्ण करणारा श्रोता स्वतः अरण्य जाणणारा असतो. मालिकेचे वन संकेत म्हणून रचले जाते, पण छायाचित्राच्या माध्यमामुळे प्रत्यक्ष म्हणून पाहिले जाते. अरण्य न पाहिलेल्या प्रेक्षकाला तेच अरण्य वाटते. आक्षेप सांकेतिकतेवर नसून, संकेत कोणता निवडला यावर आहे.

तळोद्याहून पाहताना

रिकाम्या वनाची कल्पना पडद्यापुरती नाही. सरदार सरोवर प्रकल्पातील विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १९९० मध्ये तळोदा जंगलातील सुमारे २,७०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. कागदावर ती ‘उपलब्ध’ जमीन होती. प्रत्यक्षात तिच्या काही भागावर आदिवासी कुटुंबे आधीपासून कसत होती. त्यामुळे नर्मदाकाठचे विस्थापित आणि येथील जुने कसणारे समोरासमोर आले. जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा २००६ मध्ये झाला. मालिकेमुळे हे घडले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल; तो व्यवहार तिच्यापेक्षा फार जुना आहे. परंतु वन म्हणजे कोणाचेही घर नसलेली जागा, ही समजूत प्रशासनाची असो वा नेपथ्यकाराची, दोन्हीकडे ती सारखीच सोयीची ठरते. मालिकेने ती निर्माण केली नाही. घरोघरी सुंदर मात्र केली.

गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी (स्थापना १९७७) हे याचे आणखी बोलके उदाहरण होय. तिच्या परिसरात आदिवासी पाडे आहेत. तेथे कॅमेरा थोडा वळवला असता, तर खरा वनवासी दिसला असता. मात्र चौकट सांभाळणे म्हणजेच त्याला चौकटीबाहेर ठेवणे, असा चित्रणाचा रिवाज आहे.

निष्कर्ष

स्टुडिओचे आवार हे निर्जीव पार्श्वभूमी नसून कथनाचा अर्थ ठरवणारा घटक आहे, असे या विवेचनावरून दिसून येते. ‘रामायण’ मालिकेची भावनिक शक्ती नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिच्यातील वनाची स्वच्छता ही गाळलेल्या श्रमाची खूण आहे. भाषा, इतिहास व भूगोल या विषयांच्या वर्गांत अरण्यकांडातील मतंगवनाचे वर्णन, परुळेकरांचा ग्रंथ आणि मालिकेतील शबरीचा प्रसंग एकत्र ठेवून शिकवता येईल. येथील विद्यार्थ्यांपैकी अनेकांना मोहाची फुले केव्हा गळतात आणि बोरे कोणत्या महिन्यात पिकतात हे पुस्तकाविना ठाऊक असते. पडद्यावरील वन वाचण्यासाठी लागणारे ज्ञान त्यांच्यापाशी आधीच आहे. ते ज्ञान समीक्षेचे साधन म्हणून मान्य करणे, एवढे काम अध्यापकांकडे उरते.