हसणें आणि हसें

पराक्रमी पुरुषाची कथा विनोदाच्या स्वाधीन करावी कीं नाहीं, हा वाद जुना आहे. ताइका वायटीटी या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकानें २०१७ सालीं ‘थॉर : रॅग्नरॉक’ हा चित्रपट काढला, त्यामुळें तो पुन्हां निघाला. मालिकेंतील पहिला चित्रपट (२०११) शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेल्या केनेथ ब्रॅना यांनीं दिग्दर्शित केलेला. बाप, दोन मुलगे आणि एक सिंहासन यांचें तें गंभीर नाट्य होतें. दुसरा (२०१३) त्याहूनही काळवंडलेला निघाला. तिसऱ्यानें हें जोखड आरंभींच फेकून दिलें. राक्षस प्रलयाची गर्जना करीत आहे, आणि साखळदंडानें टांगलेला नायक पिळाबरोबर फिरून त्याच्याकडे पाठ होतांच, ‘मी समोर येईपर्यंत थांब’ म्हणून त्यास विनवीत आहे!

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस हें फार आवडलें. आमच्या वयाचे स्नेही मात्र ‘देवाचा विदूषक केला’ म्हणून कपाळास आठ्या घालतात. आम्हांस हा आक्षेप टिकण्याजोगा वाटत नाहीं, आणि ती पसंतीही सबंध मान्य करवत नाहीं.

आक्षेपाचा विचार आधीं करूं. थॉर हा उत्तर युरोपांतील नॉर्स लोकांचा मेघगर्जनेचा देव. त्यास हास्यास्पद करण्याचा पहिला मान वायटीटींचा नव्हेच. आइसलंडांत लिहून राहिलेल्या ‘एड्डा’ काव्यांपैकीं एकांत त्याचा हातोडा एक राक्षस पळवितो आणि मोबदला म्हणून फ्रेया देवीशीं विवाह मागतो. तेव्हां हा दांडगा देव स्वतःच नवरीचा वेष घेऊन लग्नास जातो, आणि एक सबंध बैल व आठ सामन मासे फस्त करतो. नवरी इतकी अधाशी कशी, असें राक्षस विचारूं लागतांच तिच्या दासीचा वेष घेतलेला लोकी उत्तर देतो कीं, तुमच्या ओढीनें तिनें आठ रात्री अन्नास स्पर्श केला नाहीं.

हें वाचून मराठी वाचकास किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’ची आठवण व्हावी. १८८२ सालीं रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकांत अर्जुन यतीचा वेष घेतो, आणि सुभद्रा दुर्योधनास देण्यास निघालेला बलराम त्याच यतीस मोठ्या भक्तीनें घरीं आणून ठेवतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. पण अर्जुनाच्या गांडीवाची प्रतिष्ठा तसूभर कमी होत नाहीं. मुरगुडच्या जत्रेंत लहानपणीं आम्हीं पाहिलेल्या तमाशांतील गौळणीचेंही तेंच. मावशी कृष्णाची खरडपट्टी काढी, लोक शिट्ट्या वाजवीत, आणि घरीं परततांना वाटेंतील देवळापुढें तेच लोक चपला काढून हात जोडीत. हसणें आणि हसें करणें यांतील भेद त्यांस कोणी शिकविला नव्हता.

विनोद कशावर तुटून पडतो, हा खरा प्रश्न. या कसोटीस ‘रॅग्नरॉक’चा मोठा भाग उतरतो. बापाच्या रूपानें राज्य करणारा लोकी स्वतःच्या हौतात्म्याचें नाटक रचवून तें मिटक्या मारीत पाहत बसलेला दाखविला आहे. ही नुसती टवाळी नाहीं. पुढें मृत्युदेवता हेला सभागृहाचें रंगविलेलें छत फोडते, तेव्हां ओडिनच्या शांततेच्या चित्रांखालून त्यानें तिच्याच साह्यानें केलेल्या रक्तरंजित दिग्विजयांचीं जुनीं चित्रें बाहेर पडतात. म्हणजे असगार्डचा इतिहासही एक रचलेलें नाटकच होतें! अशा वैभवावरील विनोद अनादराचा नव्हे. नायकाचा हातोडा फुटतो, केस कापले जातात, एक डोळा जातो. आणि हें सर्व गेल्यावर तो राज्य जळूं देऊन प्रजा वांचविण्याचा निर्णय घेतो. डामडौल उतरल्यावांचून हा निर्णय त्यास सुचला नसता.

दोष पुढें आहे. हेला येतांच थॉरचे जुने सोबती व्होल्स्टॅग व फॅन्ड्राल क्षणार्धांत मारले जातात, पाठोपाठ होगनही पडतो. थॉर त्यांची एका शब्दानेंही आठवण काढीत नाहीं. असगार्ड जळूं लागलें असतां कॉर्ग हा दगडी वीर (त्याचा आवाज दिग्दर्शकाचाच) पाया शाबूत आहे तोंवर पुन्हां उभारतां येईल, असा धीर देतो. लागलीच पायाही उडतो, आणि चित्रपटगृह हसतें. आमच्या जिल्ह्यांत दूधगंगेवर काळम्मावाडीस धरण झालें, तेव्हां ज्यांचीं गांवें पाण्याखालीं गेलीं, त्यांपैकीं कांहीं जणांशीं आम्ही बोललों आहों. गेलेल्या घराच्या गोष्टी सांगतांना तीं माणसें पुष्कळ थट्टा करीत. पण आधीं क्षणभर गप्प बसत. तो क्षण या चित्रपटांत नाहीं. २०२२ सालच्या ‘थॉर : लव्ह अँड थंडर’मध्यें याच दिग्दर्शकानें नायिकेच्या कर्करोगाशेजारीं किंचाळणारे बोकड आणून बांधले, तेव्हां या बीजाचें पुरतें झाड झालें.

‘सौभद्रां’त कृष्ण सर्वांस खेळवितो, पण सुभद्रेच्या दुःखाचें हसें होऊं देत नाहीं. एवढें तारतम्य किर्लोस्करांस होतें. वायटीटींजवळ विनोदाची शक्ति विपुल आहे, तारतम्य अर्धेंच आहे. देवास माणसांत आणल्याबद्दल आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. त्या माणसास रडण्यास जागा ठेवली नाहीं, एवढीच आमची तक्रार आहे.