‘निर्वासित’ आणि ‘शरणार्थी’ : एक अर्थभेद

‘निर्वासित’ व ‘शरणार्थी’ हे शब्द मराठीत बहुधा समानार्थी म्हणून योजिले जातात. वस्तुतः पहिला झालेला अन्याय सांगतो, दुसरा केलेली याचना. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले. त्यांचा खर्च प्रथम लंडनस्थित पोलिश सरकार सोशीत असे. १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेताच तो आधार तुटला. परभूमीत परावलंबी झालेल्या या लोकांना ‘शरणार्थी’ म्हणणे यथार्थच होय. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेले सिंधी मात्र स्वतःच्याच राष्ट्रात आले होते. त्यांचे पुनर्वसन हे भारत सरकारचे कर्तव्य होते, विदेशी दातृत्व नव्हे. म्हणून त्यांना ‘शरणार्थी’ म्हणणे म्हणजे हक्काला भिक्षेचे रूप देणे होय. ‘निर्वासित’ हा शब्द त्यांना लागू पडतो. पण तोही वास मिळेपर्यंतच. १९४९ मध्ये त्या छावणीचे ‘उल्हासनगर’ झाले, तरी बोलीत ‘कॅम्प’ टिकून आहे. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींतही पुढे सिंधीच वसले. तेच आजचे गांधीनगर. बराकी त्याच होत्या, राहणाऱ्यांचा राज्याशी असलेला संबंध मात्र पालटला होता. शब्दयोजनेने हा पालट टिपला पाहिजे.