मुखपृष्ठावरील ती : दिल्लीच्या चित्रकथांतील स्त्रीप्रतिमा

दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ साली ‘महिला हाट’ या जागेत गेला. अशा बाजारांत मिळणाऱ्या, दिल्लीत प्रसिद्ध झालेल्या जुन्या हिंदी चित्रकथांत स्त्री कोणत्या रूपांत भेटते, हा प्रश्न केवळ रंजनाचा नाही. या चित्रांनी बालवाचकांच्या मनावर संस्कार केले आहेत.

प्राण यांच्या ‘पिंकी’च्या मुखपृष्ठावर एक खोडकर मुलगी स्वतःच्या नावानिशी उभी असते. शेजाऱ्यांना जेरीस आणण्याची तिला मुभा आहे, कारण ती लहान आहे. मोठी स्त्री म्हणजे चाचा चौधरींची पत्नी बिनी : हाती लाटणे, कार्यक्षेत्र घर. प्राण यांची ‘श्रीमतीजी’ नायिका झाली, तीही गृहिणी म्हणूनच.

१९८६ मध्ये ‘नागराज’ अवतरला. त्याच्या आरंभीच्या चित्रांना पुण्याच्या प्रताप मुळीकांचा हात लाभला. पुढे या साहसकथांच्या दालनात स्त्रीलाही पराक्रम मिळाला, पण रूपांतराच्या अटीवर. ध्रुवची बहीण श्वेता मुखवटा चढवते तेव्हाच ‘चंडिका’ होते. चंदाला ‘शक्ती’ होण्यासाठी देवीचे तेज लागते. पुरुष नायकही वेष पालटतात, हे खरे. परंतु चाचा चौधरींना केवळ बुद्धीच्या बळावर नायकपद मिळते. तशी सवलत कोणा प्रौढ स्त्रीला क्वचितच मिळाली.

बालिका, गृहिणी आणि देवी यांच्या मधली जागा रिकामीच राहिली. चित्रकारांच्या कौशल्याचे ऋण मान्य करूनही ही उणीव अभ्यासकाने नोंदवली पाहिजे.