पाणचक्कीची सहल आणि पर्यावरणाची वही

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा निर्देश दिला. विषय आला, पण बराचसा वहीतच राहिला, असे आम्हांस वाटते. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीची सहलच घ्या. मुले फलकावरची माहिती उतरवून परततात. डोंगराकडील पाणी पंपाशिवाय उंच भिंतीवर कसे चढते, हे विचारायचे राहून जाते. उगम भिंतीहून उंच असतो. खापराच्या बंद नळांतील पाणी ती पातळी गाठू पाहते. बादली व पारदर्शक नळीने हे वर्गातही दाखवता येते. मग पुढचा प्रश्न: उगमाकडील जमिनीवर बांधकामे झाली, तर पाऊस मुरणार कोठे? शिक्षकांची शिबिरे सभागृहाऐवजी नहरीच्या मार्गावर चालत व्हावीत. गुण सुबक वहीला नव्हे, मुलांच्या प्रश्नांना द्यावेत.