पाँपेईची 'लक्ष्मी' आणि दंतकाराचे नाव

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. सुमारे २५ सेंटिमीटर उंच, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन दासी. तिला 'लक्ष्मी' म्हटले गेले. ती यक्षी असावी, एखाद्या लाकडी सामानाचा भाग असावी, असे पुढे अभ्यासकांनीच सांगितले. तरी 'लक्ष्मी' हे नाव काही सुटले नाही. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

तिच्या जातकुळीच्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. उलट दिशेने आलेल्या कलेचा नमुना म्हणून कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या काशाच्या पोसायडनकडे बोट दाखवतात. या वस्तूंवर आपल्याकडे जे लिहिले गेले, त्याचा सूर एकच: केवढे हे आपले वैभव! पण हे वैभव कोणाचे?

'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो की पैठण आणि तगर, म्हणजे तेर, येथून माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचला जाई. त्याच ग्रंथात भडोचला राजासाठी आणलेल्या मालाची यादी आहे: चांदीची भांडी, उंची मद्य, गाणारी मुले आणि जनानखान्यासाठी सुंदर मुली. माणसेही मालाच्या यादीत होती! आमचे सौंदर्यवादी समीक्षक ही ओळ वाचताना थांबत नाहीत.

उमरखेडला मी हे प्रकरण दरवर्षी शिकवतो. विद्यार्थ्यांना बंदरांची नावे पाठ असतात. मूर्ती कोणी कोरली, हा प्रश्न पाठ्यपुस्तकच विचारत नाही, मग मुले तरी कुठून विचारणार?

पुरावाच नाही, ही सबब येथे चालणार नाही. सांचीच्या तोरणावर लिहिले आहे की हे कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केले. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले खांब आहेत आणि त्याच चैत्याचे दार करणाऱ्या सामी सुताराचेही नाव आहे. जुन्नरच्या लेखात बुरुडांची आणि कासारांची श्रेणी दान देते. अमरावतीच्या स्तूपाला पूर्णघटाची शिळा देणारा विधिक चर्मकार आहे, आणि तो आपल्या बापाची ओळख उपाध्याय नाग अशी देतो. उपाध्यायाचा मुलगा चर्मकार! अस्पृश्यता इ. स. ४०० च्या सुमारास जन्मली, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली मांडले. त्यांचे ते मत हाती घेऊन हा लेख पुन्हा वाचला पाहिजे.

बौद्ध लेण्यांनी आणि स्तूपांनी कष्टकऱ्याला स्वतःचे नाव दगडावर कोरू दिले. आपल्या कलासमीक्षेने ते नाव वगळले आणि वस्तूला देवीचे नाव दिले. पाँपेईच्या मूर्तीवर तिच्या कारागिराचे नाव नाही, हे खरे. पण ज्या हातांनी ती घडली त्या हातांचे भाऊबंद सांचीला सही करून गेले आहेत. तेरला जाणाऱ्या विद्यार्थ्याने मूर्तीसमोर हात जोडण्याआधी त्या हातांची चौकशी करावी. समीक्षेचे काम तेथून सुरू होते.