विमानातले रसिक

वेरूळचं कैलास लेणं परग्रहवासीयांनी खोदलं, असं सांगणारे व्हिडिओ आमच्या हैदराबादच्या कुकटपल्लीतल्या मराठी घरांतही चवीने पाहिले जातात. सुट्टीत वेरूळ पाहून केपीएचबी कॉलनीत परतलेली मुलं हमखास हाच प्रश्न घेऊन येतात. प्राचीन देव म्हणजे आकाशातून आलेले पाहुणे, ही कल्पना एरिक फॉन डॅनिकेन यांनी १९६८ साली पुस्तक लिहून जगभर नेली. बाळ भागवतांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली आणि पुढे टीव्हीने तिला कैलास जोडून दिला. तिचं खंडनमंडन पुष्कळ झालं आहे. मला वाचायचे आहेत ते तिच्याहून साडेअकराशे वर्षं जुने दोन संस्कृत श्लोक. त्यांतही आकाशातून विमानं येतात आणि नेमकी कैलासावरच रेंगाळतात.

श्लोक आहेत ताम्रपटावर. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क सुवर्णवर्षाने शके ७३४ मध्ये, म्हणजे इ.स. ८१२-१३ला, एका ब्राह्मणाला वडपद्रक हे गाव दान दिलं. वडपद्रक म्हणजे आजचं बडोदं. दानपत्रात रीतीप्रमाणे आधी वंशावळ येते. पहिल्या कृष्णराजाची पाळी आली की कवी त्याने एलापूरच्या डोंगरावर करवलेल्या देवळाकडे वळतो. ते देऊळ म्हणजे वेरूळचा कैलास, हे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी उलगडून दाखवलं. कृष्णराजाला जाऊन तेव्हा चाळीसेक वर्षंच झाली होती, म्हणजे बांधकाम डोळ्यांनी पाहिलेली माणसं हयात असणार. जमिनीच्या दस्तऐवजात अशी कविता सापडावी, हीच मोठी मौज.

आशय असा. विमानातून फिरणारे श्रेष्ठ देव हे देऊळ पाहतात, थक्क होतात आणि पुन्हा पुन्हा विचारात पडतात. हे शिवस्थान स्वयंभूच असलं पाहिजे, कारण हातांनी घडवलेल्या वस्तूत अशी शोभा दिसत नाही. कवी इथेच थांबता, तर ही राजस्तुतीतली नेहमीची अतिशयोक्ती ठरली असती. पण पुढे तो देवांना आकाशात सोडून खाली उतरतो. ज्या शिल्प्याने हे केलं, त्याची शक्ती तसंच दुसरं काही करायला पुरी पडली नाही. तेव्हा त्यालाही एकाएकी नवल वाटलं, की हे आपल्या हातून झालं तरी कसं.

आधी पाहण्याची जागा लक्षात घ्या. कैलास समोरून नीट दिसतच नाही. दरवाजापाशी उभं राहिलं की दगडी पडदाभिंत आडवी येते; आत गेलं की हत्तींच्या रांगा, रावणाने हलवलेला पर्वत, खांब, जिने असं एकेक भेटत जातं. सारं देऊळ एका नजरेत घ्यायचं तर बाजूच्या वाटेने डोंगरावर चढून, काठावरून त्या खड्ड्यात डोकवावं लागतं. सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागच्या बाजूला १०७ फूट खोल. मंडपाच्या छपरावरचं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह तिथूनच उमगतात. आजचे व्हिडिओ याच वरून दिसणाऱ्या दृश्यावर भर देऊन विचारतात, की हे कुणासाठी? ताम्रपटाच्या कवीनेही प्रेक्षक वरूनच आणले. त्याच्या विमानांत अलंकाराइतकीच जागेची अचूक जाण आहे. फरक एवढाच, की त्याने आकाशस्थांना कारागीर केलं नाही, रसिक केलं.

हे रसिक चुकतात, यात कवीची खरी खुबी आहे. आपल्या अलंकारशास्त्रात अशा सुंदर चुकीला भ्रांतिमान म्हणतात. नाट्यशास्त्रकार भरताने अद्भुत रसाची कारणं सांगताना दिव्य जनांचं दर्शन, देवालयात जाणं, विमान, माया, इंद्रजाल ही एकाच यादीत घातली आहेत. म्हणजे देऊळ आणि विमान विस्मयाच्या नात्याने कवीच्या हाताशी आयती होती. नेहमी विमान हे माणसाच्या विस्मयाचं कारण. इथे विमानात बसलेलेच विस्मित होतात आणि कारण ठरतं माणसाचं काम. रसाची दिशाच उलटली आहे.

मराठीनेही या लेण्याचं आपल्या परीने रसग्रहण केलं. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त गोष्ट येते. राणीने नवस केला, की शिवाचं देऊळ उभं राहून त्याचा कळस दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही. इतक्या लवकर कळस कोण दाखवणार? पैठणचा कोकस पुढे आला आणि त्याने देऊळ वरून खाली कोरायला घेतलं. आठवड्यात कळस दिसला, राणी जेवली. गोष्ट कल्पित असेल, पण तिच्यात तंत्र बिनचूक आहे. डोंगरात चर खणून मधला ठोकळा सुटा करायचा आणि शिखरापासून घडवत खाली यायचं. शिखरासाठी परांची लागत नाही, दगड वर चढवावा लागत नाही, आणि उपवासाला बसलेल्या राणीचीही सोय होते.

दगड फोडणं म्हणजे काय, हे कुकटपल्लीला सांगायला नको. इथल्या ग्रॅनाइटचं वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं. वेरूळचा काळा पत्थर त्यापुढे तरुण, साडेसहा कोटींच्या आसपासचा. खडक उडवायचे डिटोनेटर करणारी इंडियन डिटोनेटर्स लिमिटेड (आयडीएल) ही कंपनी मूळची इथलीच. आयडीएल तलावाला नाव पडलं ते तिच्यावरून. सुरुंगाला फोडता येतं, राखता येत नाही. कैलासात मात्र सारा कस राखण्यात आहे. कुठला दगड हत्ती होणार, कुठला खांब, हे तो काढण्याआधी ठरलेलं हवं. एकदा उडालेला कपचा परत बसत नाही. छिन्नीचे घाव तिथल्या भिंतींवर अजून उघड दिसतात.

नकाशाही आकाशातून आलेला नाही. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर इ.स. ७४०च्या सुमाराचं, आणि कैलासाची मांडणी त्याच्याशी नातं सांगते. तिथल्या शिलालेखात गुंड अनिवारिताचारी या स्थपतीचं नाव आणि त्याला मिळालेला त्रिभुवनाचार्य हा किताब कोरलेला आहे. ‘अठरा वर्षांत सगळं कसं झालं?’ हे कोडंही बरंचसं आपणच घातलेलं. कृष्णराजाची कारकीर्द साधारण ७५६ ते ७७३. पण त्या आवारातलं सगळं तिच्यात बसत नाही, लंकेश्वरासारखे भाग नंतरचे, असं पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी शैलीच्या आधारे मांडलं आहे.

तरीही श्लोकांतली मला सर्वांत आवडणारी जागा या पुराव्यांपलीकडची आहे. तो शिल्पी दुसरं देऊळ करू पाहतो आणि हरतो. स्तुती करताना कारागिराचं अपयश नोंदवणारा कवी विरळा. वेरूळलाच जैनांचा छोटा कैलास आहे, लेणं क्रमांक ३०. त्याच देवळाची लहान आवृत्ती, आणि तीही अपुरी राहिली. परग्रहवासीयांच्या कथेत कुणी असं थकत नाही, कुणाचं काम अर्धवट सुटत नाही, म्हणून तिथे आपलं कौतुक यंत्रावर संपतं. ताम्रपटाचा कवी आधी देवांच्या तोंडून शंका वदवतो आणि मग तिचं उत्तर एका दमलेल्या माणसाच्या आश्चर्यात देतो. आपल्या कामापुढे असं चकित व्हायला ते काम आपण स्वतःच केलेलं असावं लागतं.